कोचचं स्थळ बघताना

मार्च सरला की माझ्या टपालाचा नूर पालटतो. एरवी ‘मुलाने स्टॅटिस्टिक्स घेतलं तर नोकरी लागेल का’ असं विचारणारी माणसं एकदम बास्केटबॉलवर घसरतात, कारण अमेरिकेतल्या हरलेल्या कॉलेजांत याच दिवसांत जुने कोच काढले जातात आणि नवे शोधले जातात. पहिल्यांदाच हे सदर वाचणाऱ्यांसाठी: मी सत्तरच्या दशकात पुण्यात विद्यापीठाच्या मुलींच्या संघातून खेळले. उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे चेंडू पुढे पोचवून बाजूला व्हायचं एवढंच काम. १९७९मध्ये लग्न होऊन इकडे आले आणि पुढे मिडवेस्टातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात बावीस वर्षं खेळाडू मुलांची स्टॅटिस्टिक्सची शिकवणी घेतली. तेवढ्या काळात चार हेड कोच आले आणि गेले. विद्यापीठ कोणतं, ते विचारू नका.

प्रश्न: काकू, मी जिथून १९९८मध्ये एम.एस. केलं त्या विद्यापीठाने गेल्या महिन्यात बास्केटबॉलचा कोच काढला. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रणधुमाळी चालू आहे. एक गट म्हणतो, आपल्याच कॉलेजचा जुना स्टार, जो पुढे एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, खेळला, त्याला आणा. दुसरा म्हणतो, एका छोट्या कॉलेजच्या कोचने यंदा २८ सामने जिंकलेत, त्याला उचला. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. कोचमध्ये बघायचं तरी काय?
(एक माजी विद्यार्थी, शिकागो)

उत्तर: तुमच्या ग्रुपने दोन स्थळं काढलीत. एक घराण्याचं, एक पगाराचं. आपल्याकडे दोन्ही स्थळांना हुरळून जाणारी माणसं असतात आणि कोपऱ्यात बसलेली एखादी आत्या हळूच विचारते, “मुलगा घरी कसा वागतो?” तर मी ती आत्या.

घराण्याचं स्थळ आधी घेऊ. पॅट्रिक युइंग हा जॉर्जटाउन विद्यापीठाचा देव. १९८४मध्ये त्याच्या जोरावर कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, पुढे एनबीएतही त्याचं मोठं नाव झालं. २०१७मध्ये त्याला हेड कोच म्हणून परत आणलं तेव्हा जुनी मंडळी गहिवरली होती. सहा वर्षांत ७५ विजय आणि १०९ पराभव. २०२१ साली बिग ईस्ट या त्यांच्या लीगची स्पर्धा जिंकून सगळ्यांना चकित केलं खरं, पण लगेच पुढच्या सीझनला त्याच लीगमध्ये १९ सामने खेळून १९ हरले. २०२३च्या मार्चमध्ये त्याला निरोप दिला. माणूस आळशी नव्हता, खोटा नव्हता. प्रशिक्षक म्हणून एनबीएत पंधराएक वर्षं सहायकाची उमेदवारीही केलेली. पण एनबीएत तयार माणसं मिळतात. कॉलेजात अठरा वर्षांचं पोर मिळतं, त्याची आई मिळते, त्याचा रसायनशास्त्राचा पेपर मिळतो आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे कॉलेजच्या खेळ खात्याच्या प्रमुखाला, खूश ठेवणारे देणगीदारही मिळतात. शिवाय ज्या माणसाचा पुतळा उभा करायचा तोच खुर्चीवर बसवला, की त्याला उठवताना सगळ्यांचेच हात थरथरतात.

आता २८ विजयांचं स्थळ. विजय कोणाविरुद्ध, हे कुणी विचारलंय का तुमच्या ग्रुपवर? डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि त्यांच्या लीगा सारख्या वजनाच्या नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जिंकणारी पोरं त्याने घडवली की आधीच्या कोचने ठेवून दिलेल्या भांड्यातलं लोणचं त्याने नुसतं वाढलं? पहिल्या-दुसऱ्या वर्षीच २८ विजय असतील तर मी जरा थांबेन. चौथ्या वर्षी असतील तर कान टवकारेन.

माझं माप एकच आहे आणि ते शिकवणीच्या टेबलावर तयार झालंय. कोच कोणाला आणतो ते पाहू नका, आणलेल्याचं पुढे काय करतो ते पाहा. मुलगा पहिल्या वर्षी कसा होता आणि तिसऱ्या वर्षी कसा आहे? फ्री थ्रो सुधारले का? डाव्या हाताने जायला शिकला का? पहिल्या वर्षी दहा मिनिटांत तीन फाउल करून बाकावर येणारा आता पाय हलवून अडवतो का? ही माहिती गुप्त नसते. दर सामन्याचा तक्ता छापलेला असतो. तुमच्या उमेदवाराचे पाचसहा खेळाडू घ्या, त्यांची तीन वर्षांची पानं शेजारी शेजारी ठेवा. एका रविवारचं काम आहे.

ड्यूकचं उदाहरण देते, कारण त्यात हे माप अगदी लख्ख दिसतं. १९८०मध्ये त्यांनी आर्मीच्या कॉलेजातून एक तरुण कोच आणला, माइक शशेफ्स्की. आर्मीतला त्याचा शेवटचा सीझन ९ विजय, १७ पराभव. असा माणूस का आणला म्हणून लोकांनी तेव्हाच कपाळाला हात लावला. ड्यूकमध्ये पहिल्या तीन वर्षांचा हिशेब ३८ विजय, ४७ पराभव. १९८३च्या लीग स्पर्धेत व्हर्जिनियाने त्यांना १०९-६६ असं धुतलं. देणगीदार त्याला काढायला निघाले होते. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर टॉम बटर्स बधला नाही. का? बाहेरून दिसत होता ११-१७चा सीझन, पण त्या सीझनमध्ये खेळत होती पहिल्या वर्षाची मुलं: जॉनी डॉकिन्स, मार्क अ‍ॅलरी, जे बायलस, डेव्हिड हेंडरसन. हीच मुलं १९८६मध्ये शेवटच्या वर्षाला होती आणि त्यांनी ३७ सामने जिंकले, ३ हरले, राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेली. मुलं तीच, कोच तोच. पुढे पाच विजेतेपदं आणि २०२२मध्ये निवृत्त होताना १,२०२ विजय, हे सगळं नंतरचं. मला अप्रूप आहे ते ११-१७च्या पानावर ३७-३ वाचणाऱ्या बटर्सचं.

अलीकडचंही सांगते, नाहीतर म्हणाल काकू चाळीस वर्षं मागे रमल्यात. डॅन हर्ली ऱ्होड आयलंडला गेला तेव्हा पहिला सीझन ८-२१. कनेटिकटला आला, पहिला सीझन १६-१७. मग २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं. फ्लोरिडाचा टॉड गोल्डन, त्याचाही पहिला सीझन बरोब्बर १६-१७, आणि तिसऱ्या वर्षी, २०२५मध्ये, विजेता. दोन उदाहरणांवरून नियम काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करत असे, तेव्हा नियम काढत नाही. एवढंच म्हणते, की पहिल्या वर्षाच्या आकड्यावर कोच जोखाल तर फसाल. अहो, हा खेळ ज्याने १८९१मध्ये शोधला तो जेम्स नेस्मिथ स्वतः कॅन्सस विद्यापीठाचा पहिला कोच होता. त्याचा हिशेब ५५ विजय, ६० पराभव. आजच्या काळात त्याला तिसऱ्या वर्षी घरी बसवला असता.

आणि नशीब. मार्चमधली कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे एक सामना हरला की घरी. ५ एप्रिल २०१०ला मी आणि हे चार तास गाडी हाकत इंडियानापोलिसला अंतिम सामना बघायला गेलो होतो. ड्यूक विरुद्ध बटलर, म्हणजे बलाढ्याविरुद्ध त्याच गावातलं एक छोटं कॉलेज. आमची जागा इतकी वर, की खेळाडू मुंगळ्यांएवढे. बटलरचा कोच ब्रॅड स्टीव्हन्स तेव्हा ३३ वर्षांचा. औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून बटलरच्या ऑफिसात जवळजवळ फुकट राबायला लागलेला माणूस. ६१-५९, शेवटचा क्षण, गॉर्डन हेवर्डने अर्ध्या कोर्टावरून चेंडू फेकला. तो बोर्डाला लागला, रिंगला लागला, बाहेर आला. सत्तर हजार माणसं एकदम ‘अरेरे’ म्हणतात तेव्हा कसा आवाज येतो, तो मी आयुष्यात एकदाच ऐकलाय. चेंडू दोन इंच इकडे असता तर स्टीव्हन्सवर आख्यानं रचली गेली असती. पण मला सांगा, त्या दोन इंचांनी तो कोच म्हणून चांगला किंवा वाईट ठरला असता का?

उलट्या बाजूने व्हर्जिनिया बघा. २०१८मध्ये सबंध स्पर्धेत अव्वल मानांकन आणि पहिल्याच सामन्यात सोळाव्या मानांकनाच्या एका कॉलेजाकडून ७४-५४ असा पराभव. पुरुषांच्या स्पर्धेत त्याआधी अशा १३५ लढती झाल्या होत्या आणि एकदाही असं घडलं नव्हतं. त्यांचा एक महत्त्वाचा खेळाडू मनगट मोडून बाहेर होता, हे दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. कोच टोनी बेनेटची देशभर टवाळी झाली. वर्षभराने तोच कोच, बहुतेक तीच मुलं, राष्ट्रीय विजेती. त्यानंतर विद्यापीठाने पगारवाढ देऊ केली तर ती नको म्हणाला, हाताखालच्या लोकांना द्या म्हणाला. असा माणूस असतो तर असतो. निवड समितीला तो मुलाखतीत ओळखू येईल असं मात्र नाही.

आता माझ्या मापाला गेलेला तडा सांगते, कारण तुमच्यातला कुणी हुशार मुलगा हे विचारणारच. मुलं तीन-चार वर्षं एका ठिकाणी राहतात तेव्हा हे माप चालतं. २०२१पासून मुलांना एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळता येतं, त्याच वर्षी जाहिरातींतून पैसे घ्यायची मुभा मिळाली आणि २०२५पासून कॉलेजं मुलांना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सगळ्या खेळांचे मिळून दर कॉलेजामागे साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. वसंत ऋतू आला की निम्मा संघ बॅग भरतो. बेनेटने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, सीझन तोंडावर आलेला असताना, हा नवा कारभार आपल्याला जमणारा नाही म्हणून राम राम ठोकला. मला वाईट वाटलं, पण पटलं.

मग आज माप कसं लावायचं? वर्षांऐवजी महिने घ्या. नोव्हेंबरातली टीम आणि फेब्रुवारीतली टीम बघा. फ्लोरिडाच्या विजेत्या संघाचे मुख्य गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे, बाहेरच्या कॉलेजांतून आलेले होते. वॉल्टर क्लेटन आयोनाहून, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, विल रिचर्ड बेलमाँटहून. वऱ्हाड चारी दिशांनी आलं, तरी पंगत एकच बसली. ते घडवायला कोच लागतो. आणि सोडून गेलेली मुलं कोण होती तेही बघा. बाकावरची जाणारच, त्यांना खेळायचंय. पण ज्यांना भरपूर खेळायला मिळत होतं तीही दरवर्षी पळत असतील, तर पैशापलीकडे काहीतरी आहे.

एक युक्ती आणखी, मला फार आवडती. लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये जॉन वुडन म्हणून कोच होता, बारा वर्षांत दहा विजेतेपदं मिळवलेला. त्याच्या शेवटच्या सीझनमध्ये दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला जाऊन बसले आणि तो काय काय बोलतो त्याची नोंद केली. २,३२६ वेळा तो काही बोलला किंवा दाखवलं. त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश निव्वळ माहिती: पाय इथे ठेव, पास आधी दे, असा नाही असा. शाबासकी शंभरात सातही नाही, रागावणंही तेवढंच. हे वाचल्यावर मीही वही घेऊन आमच्या जिमच्या वरच्या बाकावर जाऊन बसले आणि तीन रकाने पाडले. चारांपैकी एका कोचच्या पानावर ‘माहिती’च्या रकान्यात काड्या मावेनात. दुसऱ्याचा ‘शिव्या’चा रकाना भरून समासात गेला. दोघांचेही ते सीझन सारखेच गेले होते. तुम्हाला सराव बघायला मिळणार नाही, पण टीव्हीवर टाइम-आउट दिसतो. उमेदवाराचे चार टाइम-आउट आवाज वाढवून ऐका. तीस सेकंदांत तो सांगतो काय, की नुसता पेटतो?

शेवटचं, तुमच्या ग्रुपला कंटाळवाणं वाटेल असं. आमचा एक कोच महिन्यातून एकदा स्वतः फोन करायचा. “तो अमका किती तास बुडवतोय? तुमच्यासमोर पेन उघडतो का?” दुसऱ्या एकाने बावीस वर्षांतल्या त्याच्या वाट्याच्या काळात एकदाही फोन केला नाही. त्याचा असिस्टंट यायचा आणि विचारायचा, “पास व्हायला कमीत कमी किती लागतील?” मुलं हे दोन्ही बरोबर ओळखतात. पहिल्या कोचची मुलं परीक्षेत नापास झाली तरी मला तोंड दाखवायची. दुसऱ्याची पास होऊनही दिसायची नाहीत.

तर तुमच्या ग्रुपवर टाका: छोट्या कॉलेजवाला तिथे किती वर्षं आहे, आणि त्याची तिसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षी कशी होती? कुणी उत्तर शोधून आणलं, तर ते मलाही पाठवा.

प्रश्न: अमेरिकेत कॉलेजच्या कोचला म्हणे राज्याच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार! हे खरं का? आमच्याकडे पी.टी.च्या सरांचं मानधन सहा महिने थकलंय.
(एक शिक्षक, सांगली)

उत्तर: खरं आहे. बऱ्याच राज्यांत सरकारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच हाच राज्यातला सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी माणूस असतो. कारण टीव्ही. पुरुषांच्या मार्चच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी २०१०मध्ये चौदा वर्षांचा करार झाला तो १०.८ अब्ज डॉलरचा. मजा अशी, की कोचला मुदतीआधी काढलं तरी करारातली उरलेली रक्कम बहुधा द्यावी लागते. म्हणजे घरी बसायचे लाखो डॉलर. तुमच्या सरांना हे वाचून दाखवू नका.

प्रश्न: गेल्या अंकात तुम्ही इंडियाना विद्यापीठाचा जुना कोच बॉब नाइट याच्या टीम ‘बघत राहाव्यात अशा’ होत्या असं लिहिलंत. मी तिथेच, ब्लूमिंग्टनमध्ये, शिकले. खुर्ची फेकणाऱ्या माणसाचं कौतुक तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं.
(एक वाचक, इंडियाना)

उत्तर: रागावलात, बरोबर केलंत. मी टीमचं कौतुक केलं होतं, माणसाचं नव्हे, पण मला ते वेगळं करून लिहायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी १९८५, परड्यूविरुद्धचा सामना. समोरचा खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा आणि नाइटने लाल प्लास्टिकची खुर्ची कोर्टावर भिरकावली. आम्ही टीव्हीवर तो प्रसंग पाहिला आणि खरं सांगते, हसलो. तेव्हा सगळेच हसले. १९७६ची त्याची टीम ३२ सामने खेळली आणि ३२ जिंकली. पुरुषांत त्यानंतर कुठलाही विजेता सीझनभर अपराजित राहिलेला नाही. तीन विजेतेपदं, मुलं पदवीही घ्यायची. यशाच्या उजेडात डोळे दिपतात म्हणतात ते हेच. २०००मध्ये एक व्हिडिओ बाहेर आला, त्यात सरावात एका खेळाडूच्या गळ्याशी त्याचा हात होता. त्या सप्टेंबरात विद्यापीठाने त्याला काढलं. एकोणतीस वर्षांनंतर.

त्याच काळात नॉर्थ कॅरोलायनात डीन स्मिथ होता. १९६५मध्ये एक सामना हरून आल्यावर विद्यार्थ्यांनी त्याचा पुतळा फासावर लटकवला होता. पुढे ८७९ विजय मिळवून तो निवृत्त झाला. बास्केट करणाऱ्याने आधी पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, ही त्याच्या संघाची रीत. २०१५मध्ये तो गेला, आणि काही आठवड्यांनी त्याच्या जवळपास १८० जुन्या खेळाडूंना टपालाने दोनशे डॉलरचा चेक आला. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की बाहेर जाऊन छान जेवा, कोचकडून. नाइटच्या टीमचा खेळ मी आजही बघेन. माझा मुलगा मात्र मी स्मिथकडे दिला असता.

प्रश्न: आजी, माझी मुलगी अकरावीत आहे, पाच फूट दहा इंच, शाळेच्या टीमची कॅप्टन. दोन डिव्हिजन थ्री कॉलेजं मागे लागलीत आणि एका डिव्हिजन वन कॉलेजने ‘वॉक-ऑन म्हणून ये’ असं सुचवलंय. नवऱ्याला डिव्हिजन वनचा मोह पडलाय. उन्हाळ्यात तिन्ही ठिकाणी जाणार आहोत. कोचला काय विचारू? मला खेळातलं ओ की ठो कळत नाही.
(एक आई, न्यू जर्सी)

उत्तर: आजी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगं करते.

खेळातलं कळत नाही हीच तुझी जमेची बाजू. तू स्कोअरकडे बघणार नाहीस, माणसाकडे बघशील.

आधी नवऱ्याला सांग, की वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये. आणि खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या करारात सामील झालेल्या कॉलेजांत बास्केटबॉलची टीम पंधरा जणींच्या वर नेता येत नाही. पंधरावी जागा दर वसंतात दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्या एखाद्या तयार मुलीसाठी हवीशी वाटू शकते. तेव्हा कोचला सरळ विचार, गेल्या तीन वर्षांत तुमच्या वॉक-ऑन मुलींचं काय झालं? कितीजणी दुसऱ्या वर्षीही टीममध्ये होत्या? कोच आठवून नावं घेऊ लागली तर ऐक. ‘आमच्याकडे सगळ्या एका कुटुंबासारख्या’ असं म्हणाली, तर चहा पिऊन नीघ. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, पण अभ्यासावर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. दोन्हीकडचा खर्च कागदावर मांड, मोहाचं काय होतं ते बघ.

मग सराव बघायची परवानगी माग. सामना नव्हे, सराव. उन्हाळ्यात पूर्ण सराव नसेल तर ऑक्टोबरनंतर पुन्हा जा, पण बघितल्याशिवाय सही करू नका. कोचकडे बघू नकोस, ज्या मुली त्या वेळी कोर्टाबाहेर आहेत त्यांच्याकडे बघ. कुणी असिस्टंट त्यांना काही शिकवतोय, की त्या नुसत्या बाटल्या भरतायत? तुझी लेक पहिलं वर्ष तिथेच काढणार आहे.

कडक कोचला घाबरू नकोस. टेनेसीची पॅट समिट अशी बघायची, की मुली गारठायच्या. बाविसाव्या वर्षी हेड कोच झाली, टीमचे गणवेश स्वतः धुवायची, व्हॅन स्वतः चालवायची. अडतीस वर्षांत १,०९८ विजय, आठ विजेतेपदं. आणि तिच्याकडे खेळायची सगळी वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. प्रत्येकीने. कडक आणि खवट यांतला फरक आपल्याला कळतो गं, आपण दोन्ही प्रकारच्या बायकांच्या हाताखाली स्वयंपाक शिकलोय.

दुखापतीचं जरूर विचार. गुडघा दुखावलेली मुलगी पुन्हा खेळायला केव्हा उतरायची हे कोण ठरवतं? उत्तर ‘डॉक्टर आणि ट्रेनर’ असंच यायला हवं, मध्ये ‘पण’ न येता. जमलं तर सध्या जखमी असलेल्या मुलीशी पाच मिनिटं बोल. कोच शेवटचं कधी तिच्याशी बोलली, एवढंच विचार. मी शिकवणीत असताना सगळ्यात खरं बोलायची ती कुबड्या घेऊन येणारी मुलं. त्यांना गमावण्यासारखं काही नसायचं.

आणि लेक शाकाहारी असेल, तर हेही विचार, की बाहेरगावच्या सामन्यांना जेवणाचं काय? हसू नकोस. डिव्हिजन थ्रीत बसमधून रात्री दहाला परतताना सँडविचचे डबे फिरतात. माझ्याकडे येणाऱ्या एका गुजराती पोहणाऱ्या मुलीने अख्खा सीझन सँडविचमधलं हॅम काढून नुसता पाव खाल्ला होता आणि कोचला पत्ता नव्हता. दुसऱ्या एका खेळाच्या कोचने मात्र पहिल्या भेटीतच विचारलं होतं, “अंडं चालतं का?” त्या कोचचा संघ फारसा जिंकायचा नाही. पण कुणाचं काय दुखतंय हे तिला कोर्टावरही दिसायचं, तिच्याकडची मुलं टिकायची.

हे सगळं तू विचारलंस, तरी एक प्रश्न लेकीने एकटीने विचारायला हवा, तुम्ही दोघं खोलीबाहेर असताना: “मी पहिल्या वर्षी खेळले नाही, तर त्या वर्षात तुम्ही मला काय शिकवाल?” परतीच्या गाडीत तिच्याकडून उत्तर ऐका. नवऱ्याला म्हणावं, गाडी चालव आणि गप्प बस.

कुठे ठरलं ते कळव. सामना आमच्या बाजूला असेल तर येऊ. ह्यांना वरची जागा आवडत नाही आता, गुडघे कुरकुरतात, तेव्हा खालची दोन तिकिटं धरून ठेव.